मोठी एबीसीडी

फळ्याचा डावा कोपरा फुगलेला, तिथं खडू धरत नाही.
म्हणून 'नाऊन' उजवीकडं लिहिलं, खाली रेघ मारली.
नाऊन म्हणजे नाम, म्हटलं. नाम म्हणजे काय?
मागच्या बाकावरून उत्तर आलं,
"कपाळाले लावते ते."

हसले सगळे. मीही.

विशेषनामाला मोठी एबीसीडी, सामान्यनामाला छोटी.
नदी छोटी, पैनगंगा मोठी.
गाव छोटं, बेलोरी मोठी.
"बेलोरी मोठी?" हर्षल बोंडे म्हणाला,
"अठ्ठावन घरं अन् एक हातपंप, म्याडम."
मग त्यालाच उदाहरणाला घेतलं.
झाडावरचं बोंड, त्याला छोटा बी.
हाजरीतला बोंडे, त्याला मोठा बी.
पोट्टा मधल्या सुट्टीपर्यंत ताठ बसला.

दिव्यानी टेकाम हात वर करत नाही, सरळ उभी राहते.
"आमच्या गोंडीत टेका म्हंजे सागाचं झाड.
मंग माहं नाव मोठ्यात लिहाचं का छोट्यात?"
खिडकीबाहेर साग होता,
फॉरेस्टवाल्यांनी बुंध्यावर नंबर मारलेला.
मोठ्यात, म्हटलं.
"अन् झाडाचं?"
अशा वेळी घंटा वाजत नसते.

खिचडीनंतर, डोळे जड झालेल्या वर्गाला
मोजता न येणारी नामं शिकवायला घेतली.
वॉटर, म्हटलं, अनकाउंटेबल.
पाणी मोजता येत नाही.

वर्ग माझ्याकडं बघत राहिला,
जसं एखाद्या पाहुणीकडं बघतात,
जिला दार कुठल्या बाजूला उघडतं ते माहीत नाही.

तथागत मुनेश्वर उठला. वाचताना अडखळतो,
मोजताना कधीच नाही.
"मोजते ना म्याडम. टँकर आला का माय मोजते.
माणशी दोन गुंड. पाहुना असला तं त्याचं अर्धं आमच्यातलं."
आणि कापूस?
"कापूस बी मोजते. काल मायनं बेचाळीस किलो येचला,
मुकादमानं चाळीस लिवला."

ते दोन किलो नामाच्या कुठल्या प्रकारात बसतात,
पुस्तकाच्या मागं, उत्तरांच्या पानावर शोधलं.
तिथं फक्त दूध होतं, साखर होती,
आणि बशीत ठेवलेला एक कप.

शेवटी भाववाचक.
दिसत नाही, हात लावता येत नाही, पण असतं.
सांगा बरं.
"भूत." "करंट." "नेटवर्क."
मग दाराजवळून, अगदी शांतपणे,
"फाट्यापासूनचा डांबरी रस्ता, म्याडम. मंजूर हाय."
पूर्ण मार्क दिले.

रात्री खोलीवर वह्यांचा गठ्ठा.
लाईट येऊन-जाऊन, किडे बल्बाला धडका देत.
आपल्या अक्षरांत मोठं-छोटं नाहीच काही,
सगळी एकाच रेघेला लोंबतात,
दोरीवर टाकलेल्या कपड्यांसारखी,
सरपंचाचा सदरा, शेजारी कोणाचा तरी लंगोट.
मग ह्या पोरांनी एकदम कुठून शिकावं
कोणाला उठून उभं करायचं अन् कोणाला बसवायचं?

दिव्यानीची वही. पाच वाक्यं, माझं गाव.
स्वतःच्या नावाचा डी छोटा.
टीक ट्रीचे दोन्ही टी मोठे, पाचही वेळा,
गिरवून गिरवून जाड केलेले.

चूक आहे. नियम स्पष्ट आहे.
लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं,
परत काढलं.
नऊ वर्षं झाली ह्या गावात. दुकानात म्याडम,
बसमध्ये म्याडम, उसनी साखर मागायला आलेल्या
शेजारणीच्या तोंडीही म्याडम.
नाव तेवढं पगाराच्या कागदावर.

काहीच खोडलं नाही. खाली सही केली, तारीख टाकली.
आणि तेव्हा दिसलं,
सहीतलं पहिलं अक्षर
मीही कधीपासून छोटंच काढते आहे.